इसार देण्याआधी : घरांच्या जागेखालची जमीन

८ जानेवारी

आज फाइल उघडली. जागा ३.२ हेक्टर, जवळजवळ सपाट, पूर्वेला रस्ता, पश्चिमेकडे हलका उतार. घेणारी गृहनिर्माण संस्था ८४ कुटुंबांची. घरं तळमजला अधिक एक मजला, जोडीजोडीने. इसार द्यायला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात जमिनीखाली काय आहे ते शोधून संस्थेला लेखी मत द्यायचं, एवढं माझं काम. मदतीला एक नवखा इंजिनिअर आहे, शिकून बाहेर पडल्याला वर्षच झालंय.

मालकाकडून एक जुना माती-परीक्षण अहवाल मिळाला. दोन बोअर, दोन्ही रस्त्यालगत. दोन्हींत दीड मीटरवर मुरूम, चार मीटरवर खडक. जिथं बोअर घेतले तिथं तसंच असेल, त्याबद्दल शंका नाही. पण रिग, म्हणजे बोअर घेणारं यंत्र, रस्त्यावरून सहज उतरते तिथंच ते घेतलेत. पश्चिमेच्या दोन हेक्टरांवर एकही टिंब नाही, तरी शेवटचं वाक्य सगळ्या जागेबद्दल : ‘सदर जागा बांधकामास योग्य आहे.’ या एका वाक्याच्या भरवशावर ८४ घरांची बचत जमिनीत जाणार होती.

अध्यक्षांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, बोअर कधी सुरू करताय?” दोन आठवड्यांनी, म्हटलं. आधी कागद, मग पायी फिरणं, मग खड्डे, मग बोअर. त्यांना हा वेळकाढूपणा वाटला आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग हिशेब करून दाखवला. दहा सेंटिमीटर व्यासाचे दहा बोअर घेतले तर सगळ्यांचं मिळून तोंड एका फूटभर फरशीएवढंही भरत नाही. एवढ्याशा भोकांतून ३२ हजार चौरस मीटर जमीन बघायची असेल तर भोकं कुठं पाडायची ते आधी कळायला हवं. ते पटलं असावं, कारण जुने नकाशे मिळवायला त्यांनीच माणूस देऊ केला.

१० जानेवारी

दिवसभर नकाशे. सगळ्यात जुना पाहणी-नकाशा, त्यानंतरचा एक, दोन हवाई छायाचित्रं आणि अलीकडची उपग्रह छायाचित्रं. सगळी एका मापावर आणून एकावर एक ठेवली. जुळवणीसाठी रस्त्याचं वळण, एक पूल आणि जुन्या देवळाचा कळस हे तीन पक्के बिंदू धरले. तरीही दहा-पंधरा मीटरची चूक राहणारच.

सगळ्यात जुन्या नकाशावर उत्तरेकडून एक बारीक निळी रेघ जागेत शिरते आणि तिरकी जाऊन नैर्ऋत्येला बाहेर पडते. आज तिथं ओढा नाही. त्यानंतरच्या नकाशात पश्चिमेला दातेरी खुणा आहेत, म्हणजे खाण. पहिल्या हवाई छायाचित्रात त्याच ठिकाणी काळाभोर डाग : खाणीत पाणी साचलेलं. दुसऱ्यात डागाचा अर्धा भाग पांढुरका. उपग्रह छायाचित्रांत वर्षागणिक डाग लहान होत जातो आणि बारा वर्षांपूर्वी नाहीसा होतो. त्यानंतर गवत.

खाणीचा आकार अंदाजे १०० मीटर बाय ६० मीटर. खोली नकाशा सांगत नाही. कशानं भरली तेही नाही.

जुन्याच नकाशावर मध्याच्या थोडं दक्षिणेला एक छोटं वर्तुळ आहे. विहीर. नंतरच्या कुठल्याही नकाशावर ती नाही.

नवख्याला अ‍ॅबरफानबद्दल सांगितलं. वेल्समधलं खाणकामगारांचं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा-खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा डोंगरावरून घसरला आणि शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुलं. तो ढिगारा झऱ्यांवर रचला होता आणि ते झरे छापील नकाशांवर दाखवलेले होते. नकाशा उघडून बघण्याइतकंच काम होतं. तो बराच वेळ गप्प बसला, मग निळी रेघ लाल पेन्सिलने पुन्हा गिरवली.

१४ जानेवारी

पाहणी. उजाडताना पोचलो. सूर्य खाली असताना जमिनीवरचे उंचवटे-खळगे सावल्यांतून दिसतात, दुपारी तीच जमीन परातीसारखी सपाट वाटते. आणि दिसलंच. पश्चिमेला एक उथळ बशी, मधोमध फार तर ३० सेंटिमीटर खोल, कडा जवळजवळ खाणीच्या खुणेवरून जाणारी. बारा वर्षांपूर्वी ही सपाट केलेली असणार. म्हणजे भराव तेव्हापासून बसतोय.

ओढ्याच्या रेघेवर गवत अजून हिरवं आहे, दोन्ही बाजूंना वाळलेलं. पाणी वरून दिसत नाही पण खालून वाट धरून आहे.

दक्षिणेच्या काळ्या मातीत भेगा. सगळ्यात रुंद भेग ४० मिलिमीटर. तिच्यात लोखंडी गज सोडला तर तो ९० सेंटिमीटर आत गेला आणि मग अडला. त्या बाजूच्या कुंपणभिंतीला पायऱ्यापायऱ्यांची तडा गेलीय, विटांच्या सांध्यांतून. खाली केसाएवढी, वर सात मिलिमीटर. वर रुंद होत जाणारी तडा म्हणजे भिंतीची दोन टोकं खाली गेलीत किंवा मधला भाग वर उचललाय. भिंतीच्या मधोमध जुनी मोठी बाभूळ तोडल्याचा बुंधा आहे. झाड होतं तोवर मुळं माती कोरडी ठेवत होती. झाड गेलं, ओल परतली, माती फुगली आणि भिंत मधे उचलली गेली. हे एका पावसात होत नाही, झाड तोडल्यावर कित्येक वर्षं चालू राहतं. मालकाने ‘भिंतीचं काम कच्चं झालंय’ असं सांगितलं होतं. काम चांगलं आहे, जमीन हलतेय.

भरावावरच्या एका बिळाच्या तोंडाशी जनावराने उकरून टाकलेली माती होती. हातात घेऊन चाळली : विटेचे तुकडे, काचेची चीप, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा. मुरूम नव्हताच.

शेजारच्या जमिनीवरचे एक आजोबा आमच्या मागेमागे फिरत होते. त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, चष्मा सरकवला आणि मग काठीने जमिनीवरच दाखवलं. “ताई, इथं खाण. दगड संपला तसं पाणी लागलं, मग पोहायला यायची पोरं. मग ट्रक यायला लागले. दिवसा डबर, रात्री काय टाकायचे ते कोण बघतंय?” खोली किती होती? “दोन पुरुष पाणी आणि वर तेवढाच कडा.” विहिरीचं विचारलं तर म्हणाले, होती, दगडी होती, पण जागा आता नेमकी नाही सांगता यायची. त्यांनी ज्या दोन ठिकाणी काठी टेकवली त्यांच्यात वीस मीटरचं अंतर होतं.

‘रात्री काय टाकायचे’ हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवलेत. आता तपासणीत वायू आणि विषारी द्रव्यं दोन्ही आली.

१५ जानेवारी

मध्यस्थाचा फोन. खाण ‘पूर्ण चांगल्या मुरुमाने’ भरलीय, शिवाय घरं हलकी आहेत, एवढी तपासणी कशाला? हे दुसरं कारण खूप ऐकायला मिळतं, म्हणून नोंद करून ठेवते. घराच्या वजनाचा परिणाम खाली मर्यादित खोलीपर्यंत पोचतो. दोन मीटर रुंद चौकोनी पायाखाली चार मीटरवर वरच्या दाबाचा साधारण दहावा हिस्सा उरतो. पण न दाबता ओतलेला भराव घराच्या वजनाने बसत नाही, तो स्वतःच्या वजनाने बसतो. वर काहीच बांधलं नाही तरी बसतो. ती बशी रिकाम्या मैदानातच पडलीय.

२० जानेवारी

चाचणी खड्डे. जेसीबी सकाळी सातला आलं. नऊ खड्डे ठरवले होते, संध्याकाळपर्यंत अकरा झाले.

नियम आधीच सांगितला : सव्वा मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. एक घनमीटर मातीचं वजन पावणेदोन-दोन टन असतं आणि खड्ड्याची बाजू ढासळते तेव्हा इशारा देत नाही. खोलीवरचे नमुने बादलीतून घ्यायचे.

पूर्वेचे तीन खड्डे अहवालाप्रमाणेच. वर हातभर शेतमाती, खाली पिवळा मुरूम, बादलीचे दात खरडल्यासारखा आवाज करत जातात.

दक्षिणेचे तीन : काळी माती १.४ ते २.१ मीटर, मग मुरूम. बादलीतलं एक ढेकूळ हाताने फोडलं तर आतला पृष्ठभाग पॉलिश केल्यासारखा चकाकत होता, त्यावर बारीक समांतर ओरखडे. माती फुगताना-आकसताना स्वतःवरच घासते, त्याची ही खूण. नवख्याने पुस्तकात पाहिलं होतं, हातात पहिल्यांदाच घेतलं. ढेकूळ गुंडाळून तो घरी घेऊन गेला.

ओढ्याच्या रेघेवर एक : २.२ मीटरपर्यंत मऊ, निळसर-करडा गाळ, बोटाने दाबला तर ठसा राहतो. पावणेदोन मीटरवर बाजूंतून पाणी झिरपायला लागलं, जानेवारीत.

आता खाण. खड्डा ७ : वर ६० सेंटिमीटर मुरूम, छान दाबलेला. मध्यस्थ ज्याबद्दल बोलत होता तो हाच. त्याखाली फरशांचे तुकडे, राख, टायर, कापड, लाकूड, काळा चिकट गाळ आणि कुजल्याचा वास. ४.२ मीटरवर बादलीचा हात संपला, तळ नाही.

खड्डा ८ मुद्दाम खाणीच्या कडेवर आडवा घेतला, साडेतीन मीटर लांब. त्याच्या पूर्वेच्या टोकाला ६० सेंटिमीटरवर दगड लागला आणि बादली टणकन वाजली. पश्चिमेच्या टोकाला चार मीटर खाली गेलो तरी कचरा. खडकाचा उभा कडा खड्ड्यात स्वच्छ दिसत होता, सुरुंगाच्या भोकाची अर्धी पन्हळही. एका घराच्या एका खोलीच्या लांबीत एक टोक दगडावर आणि दुसरं कचऱ्यावर. संस्थेने पाठवलेल्या आराखड्यात याच रेषेवर सहा घरं काढलीत. अध्यक्ष दुपारी आले होते. मी काही बोलले नाही, खड्ड्याच्या दोन्ही टोकांना उभं राहून बघा एवढंच म्हटलं. ते दोन्हीकडून बघून आले आणि म्हणाले, “बोअर किती लागतील ते घ्या.”

खड्डे बुजवताना थर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत टाकले. कचरा स्वच्छ मातीत मिसळू द्यायचा नव्हता.

२२ जानेवारी

विद्युत-रोधाच्या पाच रेषा, म्हणजे जमिनीत वीज सोडून ती किती अडते ते पाच रेषांवर मोजलं. खडकाचा रोध जास्त, ओल्या कचऱ्याचा कमी, त्यामुळे खाणीची कड चित्रात ठळक उमटली. नकाशावरच्या कडेपेक्षा ती पूर्वेकडे आठ मीटर सरकलेली आहे. विहीर सापडली नाही.

२४ ते २९ जानेवारी

बोअर. एकूण नऊ, पैकी चार भरावात.

पहिल्या दिवशी भांडण होता होता राहिलं. एसपीटी, म्हणजे माती किती घट्ट आहे ते ठोक्यांनी मोजायची चाचणी. तिचा नियम साधा आहे : ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नमुना-नळी ४५ सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे, पहिल्या १५ सेंटिमीटरचे सोडून द्यायचे आणि उरलेल्या ३० चे जेवढे, तो चाचणीचा आकडा, ‘एन’. इथं हातोडा दोराने ओढत होते आणि दोराचे चरकीवर तीन वेढे होते. वेढे जास्त झाले की दोर घासतो, हातोडा मोकळा पडत नाही, ठोके जास्त लागतात आणि माती आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. शिवाय उंची अंदाजाने. रिगवरचे मिस्त्री म्हणाले, वीस वर्षं असंच करतोय. मी दांडीवर खडूने ७५ ची खूण केली, वेढे कमी करायला लावले आणि तीच चाचणी दोन मीटर शेजारी पुन्हा घेतली. आधी ११ आला होता, आता ७. मिस्त्रींनी दोन्ही आकडे स्वतः वहीत लिहिले आणि नंतरच्या प्रत्येक बोअरला खूण त्यांनीच केली. माणूस कामाचा आहे. त्याच्या शेजारी उभं राहणारं कुणी वीस वर्षांत भेटलं नसावं.

भरावातले आकडे : ३, ४, २, ५, मग अचानक ३१, पुन्हा ३. तो ३१ म्हणजे नळीखाली आलेला दगड किंवा काँक्रीटचा तुकडा. सरासरी काढली तर आठ येते आणि आठवर हलका पाया बसवायचा मोह होतो. अशा जागी सरासरी काढायचीच नसते. ३१ वर्तुळात टाकला आणि समोर ‘अडथळा’ लिहिलं.

खाणीचा तळ सगळ्यात खोल बोअरमध्ये ११.२ मीटरवर लागला. आजोबांचा अंदाज फार चुकला नव्हता. खाली खडक उत्तम : दीड मीटरच्या गाभ्यातले दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे मोजून जोडले तर ८४ टक्के भरले.

नवख्याची एक चूक, वेळेत पकडलेली. बोअर ५ मध्ये त्याने पाण्याची पातळी १.८ मीटर लिहिली, काम थांबवल्यावर लगेच. पण ते आम्हीच ड्रिलिंगसाठी सोडलेलं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर ६.४. तो ओशाळला. त्याला सांगितलं की दोन्ही आकडे वेळेसकट राहू देत. खरी पातळी कळायला चार बोअरमध्ये भोकं पाडलेल्या नळ्या बसवल्या, वर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच आणि कुलूप लागणारं झाकण. आताची पातळी वर्षातली सगळ्यात खालची नाही आणि सगळ्यात वरची तर नाहीच. पावसाळ्याचं मोजमाप मिळेपर्यंत हा आकडा अर्धवट आहे.

३१ जानेवारी

प्रयोगशाळेत मी स्वतः जाऊन बसले, कारण मुक्त-फुगवट्याची चाचणी बघायला मला अजूनही आवडतं. चाळलेली, वाळवलेली दहा ग्रॅम काळी माती १०० मिलिलिटरच्या दोन नळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो आपला मूळ आकडा. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास हात लावायचा नाही. आज सकाळी रॉकेलची नळी १२ वर, पाण्याची २१ वर. फरक ९, मुळाच्या ७५ टक्के. ५० च्या वर गेलं की ती माती घराच्या पायाखाली नको.

हे दुखणं औषध असलेलं आहे, हेही लिहायला हवं. दोन मीटरवर मुरूम आहे. पाया काळ्या मातीतून खाली मुरमात न्यायचा, तळमजल्याची फरशी मातीवर न टेकवता उचलून धरायची किंवा खालची माती बदलून न फुगणारा मुरूम भरायचा, पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, गळणारी नळजोडणी चालवून घ्यायची नाही. खर्च वाढतो पण मोजता येतो आणि घेण्याआधी मोजला तर जमिनीच्या भावात धरता येतो. काळी माती दिसली की लोक घाबरतात, भराव दिसला की घाबरत नाहीत. या जागेवर नेमकं उलट व्हायला हवं.

४ फेब्रुवारी

बोअरमध्ये बसवलेल्या त्याच चार नळ्यांतली वायूची तिसरी वाचनं. नळी १ : मिथेन ०. नळी ३, भरावाच्या मधोमध : मिथेन ६.८ टक्के, कार्बन डायऑक्साइड ९ टक्के, ऑक्सिजन ४. नळी ४ खाणीच्या कडेबाहेर सहा मीटरवर, भेगाळ खडकात : मिथेन ०.९.

हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीची वाट बघणारं मिश्रण. नळी ३ चा आकडा अपेक्षित होता. मला झोप येऊ दिली नाही ती नळी ४ ने. वायू कडा ओलांडून भेगांतून बाहेर सरकतोय. याचा अर्थ खाणीच्या हद्दीपाशी घरं थांबवली तरी पुरत नाही.

इंग्लंडमधल्या लॉस्को गावात २४ मार्च १९८६ ला हेच झालं होतं. कचऱ्याने भरलेल्या जुन्या खाणीतला वायू जमिनीतून सरकत शेजारच्या बंगल्याखाली साठला आणि सकाळी स्फोट झाला. बंगला जमीनदोस्त झाला, आतले तिघे जखमी झाले. त्या वेळी हवेचा दाब झपाट्याने उतरला होता. बाहेरचा दाब उतरला की जमिनीतला वायू वर ओढला जातो. म्हणून वाचनं हवामान बघून घ्यायची. आतापर्यंतची आमची तिन्ही वाचनं चढत्या किंवा स्थिर दाबात आलीत, म्हणजे सगळी बरी बाजू दाखवणारी. दाब उतरणाऱ्या दिवशी पुन्हा यायचं ठरलं. दाब कधी उतरतो ते सांगायचं काम नवख्याने मागून घेतलं.

७ फेब्रुवारी

दाब उतरला, पहाटे साडेपाचला गेलो. नळी ४ : मिथेन २.३. ४ तारखेच्या आकड्यावर मत दिलं असतं तर चुकीचं दिलं असतं.

मातीचे रासायनिक निकालही आले. भरावात शिसं आणि खनिज तेल मर्यादेबाहेर, दोन नमुन्यांत सल्फेट इतकं की साधं काँक्रीट टिकणार नाही. काळ्या मातीत आणि पूर्वेला काही नाही. ओढ्याच्या गाळात, खाणीच्या खालच्या अंगाला, तेलाचा माग आहे. म्हणजे पाणी भरावातून जातं आणि सोबत नेतं.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात रासायनिक कचऱ्याने भरलेला एक अर्धवट कालवा १९५३ साली एका डॉलरला शाळा मंडळाच्या नावावर झाला. त्यावर शाळा उभी राहिली, भोवती घरं. १९७८ साली तिथं आणीबाणी जाहीर झाली आणि कुटुंबं हलवावी लागली. लव्ह कॅनॉल. तिथल्या कचऱ्याची नि इथल्या कचऱ्याची तुलना होणार नाही, पण जमीन नावावर होताना खालचंही नावावर होतं, हे सभासदांना सांगायला मला दुसरं उदाहरण सुचत नाही.

१० फेब्रुवारी

भूकंपात जमीन पातळ होण्याचा प्रश्न तपासला. त्यासाठी सैल वाळू आणि ती पाण्याने भरलेली लागते. ओढ्याच्या पट्ट्यात बोअर ६ मध्ये ४० सेंटिमीटरचा वाळूचा एकच थर आहे, बाकी गाळ. पट्ट्यावर घरं येणारच नसतील तर विषय मिटतो. क्राइस्टचर्चला २०१० आणि २०११ च्या भूकंपांनंतर सुमारे ८ हजार घरांच्या जागा राहण्यातून कायमच्या काढाव्या लागल्या, त्यांतली कित्येक घरं उभी होती. जमीनच वापरायच्या लायकीची राहिली नव्हती. त्यामुळे एका परिच्छेदाचा विषय असला तरी तो अहवालात राहणार.

१२ फेब्रुवारी

रेषा आखायचा दिवस. अहवालातला खरा निर्णय हाच : घरं कुठं थांबणार.

भरावाचा हिशेब असा. न दाबलेला मिश्र भराव काळाच्या प्रत्येक दसपटीला उंचीच्या साधारण १ टक्का बसतो असं धरलं. ११ मीटरला ११ सेंटिमीटर. बारा वर्षं झालीत, म्हणजे पुढचे ११ सेंटिमीटर एकशेविसाव्या वर्षापर्यंत. संथ आहे, पण अर्ध्याहून जास्त भाग पुढच्या तीस-पस्तीस वर्षांतच येईल, घरं नवी असतानाच. त्यात कचरा कुजतो ते वेगळं. आणि पाणी वेगळंच. सैल भरावात पहिल्यांदा पाणी खेळलं की तो एकदम कोसळल्यासारखा बसतो. फक्त २ टक्के धरला तरी २२ सेंटिमीटर, आणि तो एका फुटलेल्या पाइपने होऊ शकतो.

समोर ठेवायची मर्यादा : नऊ मीटर लांबीच्या घरात दोन टोकांच्या बसण्यात तीन सेंटिमीटरचा फरक पडला की तो १/३०० होतो आणि भिंतींना तडे जायला लागतात. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ मध्ये बांधलेल्या इमारतींची पाहणी करून हा आकडा दिला, तो आजही धरतात. कडेवरच्या सहा घरांत एक टोक खडकावर, दुसरं भरावावर. फरक ११ सेंटिमीटर, म्हणजे १/८२. पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, खडकापर्यंत नेले तर घर बसणार नाही, पण भोवतालची जमीन, रस्ता, सांडपाण्याच्या नळ्या बसत राहतील, नळ्या घराशी तुटतील आणि तेच पाणी पुन्हा भरावात जाईल. शिवाय वायू तसाच. त्या भागात पाइल हे उत्तर मी देणार नाही.

रेषा खाणीच्या रोध-चाचणीतल्या कडेपासून २० मीटर बाहेर धरली. त्या रेषेच्या आत राहती इमारत नको. रेषेजवळच्या पहिल्या रांगेला फरशीखाली वायुरोधक पडदा आणि खेळती हवा. कडेला वायू बाहेर काढणारा खडीचा चर. ओढ्याला त्याचा पट्टा परत, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळे. सगळं आखून मोजलं तर ३.२ पैकी १.९ हेक्टर घरांना उरतं. ८४ ऐवजी ५८ घरं.

ती संख्या लिहून मी बराच वेळ बघत बसले. २६ कुटुंबं. पुन्हा एकदा सगळं तपासलं, २० ऐवजी १५ मीटर धरून पाहिलं. चार घरं वाढतात. नळी ४ कडेपासून सहा मीटरवर आहे आणि तिथं २.३ मिळालं. पंधरावर काय मिळेल ते सांगायला माझ्याकडे नळी नाही. वीसच राहिले.

१४ फेब्रुवारी

सभासदांसमोर मांडणी, अडीच तास. आकडे थोडे आणि फोटो जास्त दाखवले. खड्डा ८ चा फोटो पडद्यावर आला तेव्हा हॉल शांत झाला.

पहिले प्रश्न रागाचे होते आणि ते साहजिक होतं. एकाने विचारलं, शेजारी भरावावर शेड आहे की दहा वर्षं, तिला काय झालं? शेडचा पत्रा वाकला तर कुणाच्या अंगावर भिंत पडत नाही, आणि शेडमध्ये रात्री दारं-खिडक्या लावून कुणी झोपत नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “आमचं घर ४१ नंबरचं. ते कुठं येतं?” आराखडा बघितला. खाणीच्या कडेवर, सहा घरांतलं तिसरं. त्यांना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग बरं झालं आत्ताच बघितलंत.” त्यानंतर आवाज खाली आले.

ठराव असा झाला : आहे त्या अटींवर इसार द्यायचा नाही. मालकाला दोन पर्याय कळवायचे. एक, पूर्वेचा आणि दक्षिणेचा १.९ हेक्टरांचा भाग वेगळा करून विकावा. दोन, सगळी जागा, पण पश्चिमेचा भाग बांधकामाला निरुपयोगी धरून ठरवलेल्या किमतीत, आणि पावसाळ्यानंतरची पाणी व वायूची वाचनं येईपर्यंत व्यवहार पक्का न करण्याच्या अटीवर. उरलेल्या २६ कुटुंबांसाठी दुसरी जागा बघायचं त्याच बैठकीत ठरलं, आणि तिथं बोलणी सुरू करण्याआधी नकाशे मागवायचे, हे अध्यक्ष आपणहून म्हणाले.

१९ फेब्रुवारी

मालकाने दुसरा पर्याय तत्त्वतः मानला. किमतीवर बोलणी चालू आहेत, तो माझा प्रांत नाही. वाचनं मात्र आमच्याकडेच : चारही नळ्या दर पंधरा दिवसांनी, आणि दाब उतरेल त्या दिवशी जादा.

एक गोष्ट अडली होती, ती विहीर. ती घरांच्या १.९ हेक्टरांतच कुठंतरी आहे. वरून बुजवलेली विहीर म्हणजे आठ-दहा मीटर सैल डबर किंवा वर फळ्या टाकून खाली पोकळीसुद्धा. ती एखाद्या खांबाखाली निघाली तर बाकी सगळी तपासणी वाया. आजोबांच्या काठीच्या दोन खुणा आणि नकाशातलं वर्तुळ, तिन्ही कवेत घेईल असा ४० बाय ३० मीटरचा तुकडा आखला. जेसीबीची सपाट पट्टी लावून वरची माती १५-१५ सेंटिमीटरने खरवडत गेलो. वजन एका जागी पडू नये म्हणून मशीन कायम खरवडलेल्या भागाच्या बाहेर ठेवलं.

साडेतीन वाजता, चौथ्या थराला, काळ्या मातीत विटकरी-करडा डाग उमटला. नवख्याने थापी आणि झाडू घेतला. हळूहळू घडीव दगडांची कड मोकळी झाली, आधी कमान, मग पूर्ण वर्तुळ. आतला व्यास ४.३ मीटर. मध्ये विटा आणि माती, सळई बिनतक्रार दोन मीटर आत गेली. नकाशावरच्या वर्तुळापासून ११ मीटर, आजोबांच्या दुसऱ्या खुणेपासून तीन. भोवती पाच मीटरवर दोरी बांधली, मध्यबिंदूचे निर्देशांक टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने घेतले आणि आराखड्यात ते ठिकाण भरलं. ते घर क्रमांक १७ च्या स्वयंपाकघरात येतं. १७ आणि १८ ही जोडी उत्तरेला नऊ मीटर सरकवायची.